हवापालटाचं जुहू

पार्ल्यात येऊन जुहूबद्दल बोलायचं म्हणजे शेजाऱ्याला त्याच्याच घराचा पत्ता सांगण्यासारखं आहे. तरी धाडस करतो. कारण आपल्यापैकी बहुतेकांचं जुहू भेळेच्या गाडीपाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं.

आधी नाव बघू. कोकणात खाडीतल्या बेटाला जुवे म्हणतात. राजापूर तालुक्यात जैतापूरच्या खाडीत जुवे नावाचं गाव आहे. गोव्यात सांत इस्तेव्हला लोक आजही जुवेंच म्हणतात. आपलं जुहू त्याच कुळातलं, असं मी मानतो. मुंबईची उपनगरं ज्यावर वसलीत त्या साष्टी बेटाच्या पश्चिम कडेला वाळूची एक चिंचोळी पट्टी आणि मध्ये खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी दलदलीची जमीन. ओहोटीला माणूस चिखल तुडवत पलीकडे जायचा, भरती आली की थांबायचा. वस्ती कोळ्यांची, माडा-ताडांवर चढणाऱ्या भंडाऱ्यांची, थोड्या कुणब्यांची. हे खाजण लक्षात ठेवा, ते पुन्हा भेटणार आहे.

या वाळूत 'हवा खाण्याचं ठिकाण' पहिल्यांदा कुणाला दिसलं असेल, तर जमशेटजी टाटांना. 1890च्या दशकात त्यांनी जुहू तारा भागात जमीन घेतली, बंगला बांधला. प्लॉट पाडायचे, मुंबईकरांसाठी समुद्रकाठचं विश्रांतिस्थान वसवायचं, असा बेत होता. 1904मध्ये ते गेले आणि बेत बारगळला. पण चटक लागायची ती लागलीच. ज्याच्यापाशी पैसा, त्याचा जुहूला माडांत बंगला.

अशाच एका बंगल्यात, नरोत्तम मोरारजींच्या, 1924च्या मार्चमध्ये गांधीजी राहायला आले. येरवड्याच्या तुरुंगात असतानाच जानेवारीत ससूनमध्ये त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. ऐन ऑपरेशनमध्ये वीज गेली आणि शेवटचं काम कंदिलावर उरकावं लागलं. अशा माणसाला विश्रांती हवी, म्हणून जुहू. विश्रांती कसली! मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास कायदेमंडळात जायचं की नाही, याचा वाद घेऊन तिथंच हजर. 1930च्या मिठाच्या सत्याग्रहात छावणी पडली ती आपल्या पार्ल्यात. आणि 1944च्या मे महिन्यात आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजी पुन्हा जुहूलाच आले. तिथं त्यांना 'रामराज्य' सिनेमा दाखवला गेला. त्यांना तो कितपत भावला असेल, याची मला शंका आहे.

पण मला जुहूची सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. 1928मध्ये इथं विमानतळ झाला. मुंबईजवळ सपाट, मोकळी आणि बिनकामाची जमीन कुठली? खाजणाची. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन निघाले आणि अहमदाबादला थांबून एका इंजिनाच्या छोट्या 'पुस मॉथ' विमानानं जुहूला उतरले. पुढं बेल्लारीवरून मद्रासला ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंटनी नेलं. हे आपण शाळेत शिकलो. शाळेत कुणी सांगितलं नाही ते हे, की पावसाळा लागला की ही धावपट्टी पाण्याखाली जायची आणि टपालाच्या विमानांना बिऱ्हाड पाठीवर घेऊन पुण्याला जावं लागायचं. देशाची विमानसेवा सुरू झाली खरी, पण चार महिने तिला भाताच्या शेतासारखी जमीन सोडावी लागे.

पुढं मोठी विमानं सांताक्रूझला गेली. दोन्ही धावपट्ट्या इतक्या जवळ की वैमानिकांची गल्लत व्हायची. 1953च्या जुलैमध्ये एक कॉमेट जेट चुकून जुहूला उतरलं. धावपट्टी तोकडी, त्यामुळं ते परत उडायला नऊ दिवस लागले. 1972मध्ये जपान एअरलाइन्सच्या डीसी-8नं तीच चूक केली, ते मात्र धावपट्टी ओलांडून गेलं आणि पुन्हा उडालंच नाही.

तोवर हवापालटाचं जुहू संपत आलं होतं. बंगल्यांच्या जागी हॉटेलं, सिनेमावाल्यांची घरं, 1978मध्ये पृथ्वी थिएटर. तब्येत सुधारायला जुहूला जा, असं आता कुठला डॉक्टर सांगेल? कोळीवाडा तेवढा आहे. बंगल्यांच्या आधी होता, हॉटेलांनंतरही आहे, फक्त होड्या ओढायला वाळू कमी उरलीय.

आणि खाजण? 26 जुलै 2005ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ते पुन्हा दिसलं. त्यानंतर महापालिकेनं इर्ला नाल्यावर पंपिंग स्टेशन बांधलं. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली, की नाल्याचं पाणी आपणहून समुद्रात जात नाही. मग ते पंपानं उचलून पलीकडे टाकावं लागतं.