पंडिता रमाबाईंचे दोन दुष्काळ

श्रोतेहो, नमस्कार.

संकटात सापडलेल्या माणसाला आपण सहजपणे सांगून टाकतो, की देवावर विश्वास ठेवा, सगळे ठीक होईल. ज्याच्या घरात सगळे ठीक झालेले नाही आणि होण्याची चिन्हेही नाहीत, त्याने या बोलण्याचे काय करायचे? ख्रिस्ती मंडळींच्या तोंडीही हे वाक्य फार सवयीने येते, आणि म्हणून आज मी एका अशा स्त्रीविषयी बोलणार आहे, जिला हे वाक्य फार काळ खोटेच वाटले असते. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दोन मोठे दुष्काळ आले. पहिल्याने त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण नेली. दुसरा आला, तेव्हा इतरांच्या उपाशी लेकींना घरात घेण्यासाठी त्या बाहेर पडल्या. मधल्या सुमारे वीस वर्षांत त्यांच्यात काय घडले, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान होते. समाजाचा विरोध पत्करून त्यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि मुलीलाही मिळाले ते ज्ञान आईच्या मुखातून. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थक्षेत्रांतून फिरत असे. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा जवळचे धन दानधर्मात संपलेले होते, अंगमेहनतीची कोणाला सवय नव्हती आणि भीक मागणे मनाला पटत नव्हते. व्रते, उपास, जप, तीर्थस्नाने यांत कोणतीही उणीव न ठेवता हे कुटुंब उपाशी राहिले. प्रथम वडील गेले आणि थोड्याच दिवसांत आई गेली. आईचा मृतदेह उचलण्यासाठी चार माणसे मिळेनात, म्हणून चौथी जागा किशोरवयीन रमाबाईंनी घेतली. उंची कमी पडत असल्यामुळे त्यांनी तो भार डोक्यावर घेतला. पुढे बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवासशास्त्री, पायी उत्तरेकडे फिरत राहिली. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरायला काही नव्हते, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यांत उतरून डोके तेवढे बाहेर ठेवले आणि कोरडी वाळू अंगावर ओढून रात्र काढली. पाण्यात भिजवलेले मूठभर धान्य आणि चिमूटभर मीठ, हे कित्येक दिवसांचे जेवण होते.

हे सारे रमाबाईंनी स्वतः १९०७ सालच्या आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या अनुभवकथनात, लिहून ठेवले आहे, आणि तेथे त्या एक गोष्ट लपवत नाहीत: या काळाच्या शेवटी त्यांची जुनी श्रद्धा उरली नव्हती. सांगितलेले सर्व करूनही काही घडले नाही, असा त्यांचा अनुभव होता. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. संकट आले की माणूस आपोआप देवाकडे वळतो, असे आपण मानतो. रमाबाईंच्या बाबतीत आधी उलटेच घडले.

१८७८ साली कलकत्त्यात त्यांच्या विद्वत्तेचा गौरव झाला आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या त्यांना मिळाल्या, तरी दुःख थांबले नाही. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला, आणि १८८२ च्या आरंभी पतीही पटकीने गेला. तेव्हा पदरी काही महिन्यांची मनोरमा होती. विवाहानंतर ती दोघे आसामातील सिल्चर येथे राहत असताना, तेथील घरात, पुस्तकांमध्ये कोठून तरी आलेले, लूककृत शुभवर्तमानाचे बंगाली भाषेतील लहानसे पुस्तक त्यांच्या हाती लागले होते. त्यांनी ते वाचले, आवडले, आणि तेवढ्यावरच ते तेव्हा राहिले.

ख्रिस्ताकडे नेणारे खरे वळण इंग्लंडमध्ये आले. १८८३ साली त्या वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात राहत होत्या. त्या भगिनींची लंडनमध्ये फुलहॅम येथे एक संस्था होती, आणि समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे आसरा देऊन नव्याने उभे केले जाई. अशा स्त्रियांची कोणी मायेने काळजी घेत असलेले रमाबाईंनी यापूर्वी पाहिले नव्हते. तुम्ही हे का करता, असे त्यांनी एका भगिनीला विचारले, तेव्हा तिने योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर भर दुपारी पाणी भरायला आलेली शमरोनी स्त्री, आणि तिच्याकडे प्यायला पाणी मागणारा येशू. ज्या स्त्रीशी बोलणे कमीपणाचे मानले जाई, तिच्यापुढे त्याने आपण कोण आहोत हे उघड केले. त्या वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाने महाराष्ट्रात मोठे वादळ उठले आणि त्यांच्या कार्याला पुढे त्याची किंमत मोजावी लागली, हे आपण जाणतो. तो वाद येथे उकरण्याचे कारण नाही.

बाप्तिस्म्याने सर्व प्रश्न सुटले असेही नाही. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, परंतु त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अद्याप सापडलेला नाही. जन्माने ख्रिस्ती असलेल्या माझ्यासारख्या माणसाने हे वाक्य अधूनमधून स्वतःला ऐकवावे, इतके ते झोंबणारे आहे. या सुमारास त्या कर्तव्य म्हणून पाळण्याच्या धर्माकडून भरवशाकडे वळल्या, आणि तो भरवसा कसाला लागण्यास फार वेळ लागला नाही.

१८९६–९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंनी विधवांसाठी काढलेले पुण्यातील शारदासदन चालवण्यासाठी अमेरिकेतील मित्रांनी दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले होते आणि ती मुदत संपत आली होती. अशा वेळी हात आखडता घेणे शहाणपणाचे ठरले असते. रमाबाई मात्र मध्य प्रांतात गेल्या, मदतछावण्या आणि अनाथालये पाहिली, आणि हाडांचे सापळे झालेल्या मुलींना व विधवांना त्यांनी गटागटाने आणले. त्यांची संख्या सुमारे ३०० झाली. त्याच वेळी पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून या मुलींना शहरात ठेवता येईना. तेव्हा पुण्यापासून दौंडच्या वाटेवर केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांची सोय करण्यात आली. मुक्ती मिशनची वसाहत तेथे उभी राहिली. पुढे गुजरातेत दुष्काळ पडला आणि १९०० च्या सुमारास मुक्ती मिशनमधील लोकांची संख्या २००० च्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे स्त्रियाच करीत, आणि अंध मुलींनाही शिकवले जाई. ज्या कुटुंबाला अंगमेहनत ठाऊक नसल्याने उपाशी मरावे लागले, त्या कुटुंबातील मुलीने प्रार्थनेइतकेच महत्त्व हाताच्या कामाला द्यावे, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

आणखी एक. आशा म्हणजे मुकाट सोसणे नव्हे. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची जी आबाळ होत होती, तिच्याविरुद्ध रमाबाईंनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले, आणि त्या पत्राचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोहोचले.

पवित्र शास्त्रातील हबक्कूक संदेष्ट्याचे पुस्तक अवघ्या तीन अध्यायांचे आहे. त्याची सुरुवात तक्रारीने होते: हे परमेश्वरा, मी किती काळ ओरडू, आणि तू ऐकणारच नाहीस काय? देव या तक्रारीवर रागावत नाही. अंजिराला फुले आली नाहीत, द्राक्षवेलीला फळ धरले नाही, शेतात अन्न पिकले नाही, गोठ्यात गुरे उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, हे शब्द तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस येतात. पीक परत आले, असे तेथे म्हटलेले नाही. दुष्काळ तसाच आहे. बोलणारा मात्र आता एकटा नाही. रमाबाईंनाही आपले आईवडील का गेले याचे उत्तर मिळाल्याचे मला कोठे आढळलेले नाही. वधस्तंभावर ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ असे म्हणणारा प्रभू त्यांना भेटला, आणि त्यानंतर त्यांनी दुसऱ्या दुष्काळाकडे पाठ फिरवली नाही.

आज आजारपण, कर्ज, घरातील मृत्यू किंवा नापिकी यांनी जे श्रोते खचले असतील, त्यांना मी एवढेच सुचवीन, की प्रार्थनेचे शब्द सुचत नसतील तर हबक्कूकचा पहिला अध्याय मोठ्याने वाचावा, आणि तिसऱ्याकडे जाण्याची घाई करू नये. रमाबाईंना तेथवर पोहोचायला वर्षे लागली. ज्यांनी बायबल कधी हाती घेतलेले नाही, त्यांनी लूककृत शुभवर्तमानापासून आरंभ करावा. आणि आपल्या शेजारी कोणावर असा प्रसंग आला असेल, तर सगळे ठीक होईल असे सांगायला जाण्याआधी त्यांच्या घरी आज चूल पेटली आहे का, याची चौकशी करावी.

नमस्कार.