ट्यूब फडफडतेय? आधी स्टार्टर काढून बघा

नमस्कार मंडळी. दिवेलागणीची वेळ आहे, आणि हे ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आत्ता ट्यूब फडफडत असणार, एकदा उजेड एकदा अंधार, आणि घरातलं कुणीतरी बटण बंद-चालू करत उभं असणार. तुम्ही मीडियम वेव्हवर ऐकत असाल तर मधेमधे खरखर पण येत असेल. ती खरखर बऱ्याचदा त्याच ट्यूबची असते, कशी ते पुढे सांगतो.

मी बावीस वर्षं वायरिंगचं काम करतोय. ट्यूब लागत नाही म्हणून बोलावणं आलं की घरात शिरल्यावर एक गोष्ट हमखास दिसते, कोपऱ्यात नवीकोरी ट्यूब उभी करून ठेवलेली, आधीच आणलेली. आणि निम्म्या वेळा ती लागतच नाही हो, कारण बिघाड ट्यूबमध्ये नसतोच. तेव्हा आजचं सगळं बोलणं एवढ्यासाठीच आहे की पैसे खर्च करायच्या आधी दोन मिनिटं ट्यूबकडे नीट बघा, ती कशी लागत नाहीये ते बघा.

त्यासाठी ती लागते कशी ते माहीत पाहिजे. खराब स्टार्टर, म्हणजे ट्यूब जिच्यावर बसते त्या पट्टीतली ती छोटी गोल डबी, फेकायच्या आधी कधी उघडून बघा. आत करंगळीच्या पेरापेक्षाही लहान काचेचा बल्ब असतो, त्यात गॅस भरलेला, आणि गॅसमध्ये दोन टोकं, त्यातली एक वाकडी पत्री, दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटवून केलेली. बटण दाबलं की घरातलं २३० व्होल्ट आधी या बल्बवर येतं, आतला गॅस पेटतो, पत्री तापते आणि तापल्यावर पसरत दुसऱ्या टोकाला जाऊन टेकते. टेकली की करंट ट्यूबच्या दोन्ही बाजूंच्या फिलामेंटमधून, म्हणजे टोकांतल्या बारीक तारांमधून वाहतो, टोकं लालसर होतात. पण टेकल्यामुळे गॅस विझलेला असतो ना, मग पत्री गार होते, सुटते, आणि सुटते त्या क्षणी चोक, म्हणजे पट्टीतलं करंटला आवर घालणारं तारेचं वेटोळं, एक झटका देतो, काहीशे व्होल्टचा. त्या झटक्याने ट्यूब पेटते. एकदा पेटली की तिच्यावर साधारण शंभरच्या आसपास व्होल्ट राहतं, तेवढ्यावर स्टार्टर परत जागा होत नाही, म्हणून तर पेटलेल्या ट्यूबचा स्टार्टर काढून घेतला तरी ट्यूब चालूच राहते. आपला करंट सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होत असतो, पत्री नेमकी करंट शून्यावर असताना सुटली की झटका वाया जातो, त्यामुळे दोन-तीनदा लुकलुकून लागणं यात काही बिघाड नाही.

आता बिघाड. दोन्ही टोकं सलग लाल-केशरी जळतायत, फडफड नाही आणि मधली सगळी ट्यूब अंधारी. याचा अर्थ स्टार्टरमधली पत्री चिकटून बसलीय किंवा त्यातला छोटा कपॅसिटर शॉर्ट झालाय. कोरड्या स्टुलावर उभं राहून, पायात चप्पल, हात कोरडे, स्टार्टर डावीकडे फिरवून काढा. काढताक्षणी ट्यूब लख्ख पेटली तर दुसरं काही बघायचं कारणच नाही, स्वस्तातला नवा स्टार्टर आणा, झालं. स्टार्टरची बैठक तुटकी असेल किंवा वायरी उघड्या दिसत असतील तर मात्र आधी मेन बंद करायचं, यात तडजोड नको. आणि टोकं अशी जळत असताना ट्यूब तशीच रात्रभर ठेवू नका, फिलामेंटवर जो पांढरा लेप असतो तो उडून जातो आणि मग चांगली ट्यूबही हकनाक जाते.

ट्यूब लागते, विझते, परत लागते आणि टोकं काळी पडलीत, दोन-तीन इंच काळी, तर तो लेप संपलाय, ट्यूबचं आयुष्य झालं. तरी मी म्हणतो आधी शेजारच्या खोलीतला चालू स्टार्टर इथे लावून बघा, मग ती ट्यूब चालू पट्टीवर लावून बघा. अदलाबदल करून बघण्यासारखी दुसरी परीक्षा नाही, आणि तिला पैसे पडत नाहीत.

काहीच होत नाही, टोकंसुद्धा लाल होत नाहीत, तर मेन बंद करून ट्यूब होल्डरमध्ये थोडी मागेपुढे फिरवून बसवा. आपल्याकडे पावसाळ्यात, आणि कोकणात तर खाऱ्या हवेने बाराही महिने, पिनांवर हिरवट गंज चढतो, पॉलिश पेपरने घासला की ट्यूब मुकाट्याने लागते. त्याने नाही झालं तर फिलामेंट तुटलीय का ते मीटरवर किंवा सिरीज दिव्यावर (वायरीच्या मधे बल्ब जोडून केलेला तपासणीचा दिवा) बघायचं, एका टोकाच्या दोन पिनांमध्ये दिवा लागला म्हणजे त्या टोकाची फिलामेंट शाबूत.

आता एक किस्सा. आमच्या गावातल्या एका मावशींनी आठवड्यात तीन ट्यूब बदलल्या. लावायची, भक्कन उजेड पडायचा, टोकं काळी आणि खेळ खलास. दुकानदार म्हणाला माल खराब आला असेल, मावशींना वाटलं आपलंच नशीब. मी गेलो तेव्हा तिन्ही ट्यूब दाराआड ठेवलेल्या, तिघींची टोकं कोळशासारखी. चोकला हात लावला, मेन बंद करूनच, तर वेटोळ्याचा करपट वास. आतून शॉर्ट झालेला चोक, करंट अडवणारं कुणी राहिलंच नव्हतं. पहिली ट्यूब अशी गेली तेव्हाच थांबायला हवं होतं, पण हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. तीन ट्यूबचे पैसे म्हणजे त्यांच्या दोन दिवसांची भाजी. तेव्हा नवी ट्यूब लगेच गेली तर दुसरी नवी लावू नका, चोक बघा.

आणखी एक, संध्याकाळी सातला फडफडते आणि रात्री अकराला छान लागते अशी तक्रार असेल तर सामानाला हातच लावू नका. पिठाची गिरणी, विहिरीवरचे पंप, सगळं एकदम चालू असतं, व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की तांब्याचा चोक आणि स्टार्टर दोघेही हतबल. तिथे इलेक्ट्रॉनिक चोकची पट्टी बरी, तिला स्टार्टरही लागत नाही. कडाक्याच्या थंडीतही ट्यूब कुरकुर करते, आतला पारा गारठून त्याची वाफ कमी होते म्हणून.

काही लोक काचेवर हात फिरवतात आणि ट्यूब लागते, हे खोटं नाही. आपलं अंग अर्थिंगसारखं काम करतं आणि आतला गॅस पेटायला मदत होते. पण ओल्या हाताने, ओल्या फडक्याने चालू ट्यूबजवळ जायचं नाही म्हणजे नाही. त्यापेक्षा लोखंडी पट्टीला नीट अर्थिंग द्या, तेच काम सुरक्षितपणे होतं.

ट्यूब फुटलीच तर आत पारा असतो हे लक्षात ठेवा. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, झाडू मारू नका, जाड पुठ्ठ्याने काचा गोळा करा आणि बारीक भुगा चिकटपट्टीने टिपून घ्या.

आणि आता ती खरखर. स्टार्टरमध्ये जो छोटा कपॅसिटर म्हटलं ना, तो रेडिओत आवाज येऊ नये म्हणूनच ठेवलेला असतो. तो शॉर्ट झाला की काहीजण कापून टाकतात, ट्यूब चालते पण रेडिओत खरखर सुरू होते. तर असं करा, हा रेडिओ चालू ठेवा, बॅटरीवरचा असेल तर उत्तमच, आणि घरातली ती फडफडणारी ट्यूब एक मिनिट बंद करा. खरखर थांबली का? थांबली असेल तर उद्या दिवसा उजेडी स्टूल काढा आणि स्टार्टरपासून सुरुवात करा. येतो मंडळी, नमस्कार.