नदी अडवली ती हवेने

जर्मनीत हॅम्बुर्गला एल्ब नदीखालचा जुना बोगदा पाहायला जाणारे बहुतेक जण त्याच्या भिंतींवरची शिल्पं पाहून हरखतात. हरखावं अशीच ती आहेत. चकाकत्या मातीकामात घडवलेले मासे, खेकडे, एका जुन्या बुटाभोवती जमलेले उंदीरसुद्धा! पण मंडळी, तिथे गेलात तर जे आता दिसत नाही, त्याचाही विचार करा. या बोगद्याचं काम चालू असताना नदीला थोपवून धरलं होतं ते हवेने.

नदीच्या दक्षिण तीरावर जहाजबांधणीचे कारखाने होते आणि हजारो कामगार उत्तर तीरावरून कामाला जात. होड्या पुरेनात. पूल बांधावा, तर खालून उंच जहाजं जायला हवीत. म्हणून 1907 मध्ये बोगद्याचं काम सुरू झालं आणि 7 सप्टेंबर 1911 रोजी तो खुला झाला. जमिनीखाली सुमारे 24 मीटर, लांबी 426 मीटर, शेजारी शेजारी दोन नळ्या. इतक्या खोल उतरणारा रस्ता करायला काठावर जागाच नव्हती, त्यामुळे घोडागाड्या आणि पुढे मोटारीही लिफ्टमधून खाली नेत.

आता मुख्य गोष्ट. मऊ, पाणथळ मातीत खोदताना पाणी आत घुसू नये म्हणून बोगद्यात दाबाखालची हवा भरत. यातली अडचण ध्यानात घ्या. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका, म्हणजे समुद्रसपाटीवर हवेचा असतो तेवढा, वाढतो. नळीचा व्यास सहा मीटर. म्हणजे पायाशी पाणी रोखायला जेवढ्या दाबाची हवा लागते, तेवढ्या दाबाची छताशी जास्त होते आणि वरची माती फोडून बाहेर पडू पाहते. जून 1909 मध्ये नेमकं तेच झालं. हवा नदीचा तळ फोडून निसटली आणि पाण्याचा मोठा फवारा पात्रातून उसळला.

माणसांच्या शरीरावरही त्या हवेचा परिणाम झाला. दाबाखाली रक्तात आणि पेशींत नायट्रोजन जास्त विरघळतो. बाहेर येताना दाब झपाट्याने उतरला, तर त्याचे बुडबुडे होतात, सांधे ठणकतात, कधी हातपाय लुळे पडतात, कधी जीव जातो. एकूण 4400 कामगारांपैकी जवळजवळ सातशे जणांना हा त्रास झाला आणि तिघे दगावले. बांधणाऱ्या अभियंत्यांचं कौतुक व्हायलाच हवं, पण माझ्या मते या तिघांचा उल्लेख त्यांच्या आधी यावा.

हा बोगदा आता संरक्षित वास्तू आहे. पायी आणि सायकलने फुकट जाता येतं. माझं ऐकाल तर उतरताना लिफ्ट घेऊ नका, जिन्याने जा. 24 मीटर म्हणजे किती, ते पायांना कळू द्या. खाली पोहोचलात की दोन्ही बाजूंच्या भिंतींचा वाक बघा. तो सहा मीटरांचा व्यास डोळ्यांसमोर आला की छताशी आणि पायाशी पाण्याचा दाब का निराळा पडत होता, ते आकृती न काढता समजेल.