सोलमधला अमेरिकन शेजारी

मित्रहो, परदेशात राहिलेल्या माणसाला आपण आधी जेवणाखाण्याबद्दल विचारतो. पण दक्षिण कोरियात गेलेल्या अमेरिकन माणसाला किमची, म्हणजे तिथली आंबवलेली तिखट भाजी, लवकर आवडू लागते. जड जातं ते वेगळंच. ज्या गोष्टी तो निव्वळ स्वतःच्या समजत आला, त्यांत इथे शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आणि सहकाऱ्यांचाही वाटा असतो.

कचऱ्याचंच घ्या. अमेरिकेत कितीतरी घरांत उरलंसुरलं अन्न सिंकखालच्या यंत्रात दळून गटारात सोडतात आणि पुष्कळसा बाकीचा कचरा एका मोठ्या पिशवीत कोंबतात. कोरियात 1995 पासून कचऱ्याच्या आकारमानावर पैसे मोजावे लागतात. आपल्या भागाच्या प्रशासनाची छापील पिशवी दुकानातून विकत घ्यायची. पिशवीची किंमत हेच शुल्क. 2005 पासून अन्नाचा कचरा थेट जमिनीत पुरायला बंदी आहे, म्हणून तो वेगळा. अनेक वसाहतींत त्याचा डबा कार्डाने उघडतो, आत टाकलेलं वजन करतो आणि त्या घराच्या नावावर मांडतो. कलिंगडाची साल त्यात चालते. हाडं, अंड्याची टरफलं, कांद्याची सालं चालत नाहीत, कारण या कचऱ्यातून गुरांचं खाद्य आणि खत तयार होतं. पारदर्शक प्लास्टिक बाटलीचं लेबल काढून ती वेगळी ठेवायची, हा नियम मोठ्या वसाहतींना डिसेंबर 2020 मध्ये लागू झाला.

नवा भाडेकरू इथे गोंधळतो आणि इमारतीचा वयस्क राखणदार त्याला थांबवून काय कुठे टाकायचं ते दाखवतो. कित्येक अमेरिकनांना हा आगाऊपणा वाटतो. मला तो आपलेपणा वाटतो. हा माणूस आता आपल्या इमारतीत राहणार, हे त्यात गृहीत धरलेलं असतं.

वयाचंही तसंच. पहिल्याच भेटीत कोरियन माणूस वय किंवा जन्मसाल विचारतो. अमेरिकेत असा प्रश्न अनोळखी माणसाला सहसा कुणी विचारत नाही. पण समोरचा थोरला की धाकटा हे कळल्याशिवाय कोरियनमध्ये क्रियापदाचं रूप ठरवणंच अवघड. तू म्हणावं की तुम्ही, या पेचात आपणही पडतो, तेव्हा आपल्याला हे समजावून सांगायला नको. जून 2023 पासून कोरियाने सरकारी कामांत जन्मतारखेवरून वय मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आणली. तरी थोरला कोण, हा प्रश्न सुटत नाही. थोरल्याने ओतलेली सोजू, म्हणजे तिथली दारू, दोन्ही हातांनी घ्यायची, तोंड किंचित बाजूला वळवून प्यायची, हे तर आठवड्यात अंगवळणी पडतं.

इथे कॅथलीन स्टीव्हन्स यांचं नाव घ्यायलाच हवं. 1975 मध्ये त्या पीस कोअर या अमेरिकन सरकारी संस्थेच्या स्वयंसेविका म्हणून कोरियात आल्या, येसान गावच्या एका शाळेत इंग्रजी शिकवू लागल्या. 2008 मध्ये त्याच देशात अमेरिकेच्या राजदूत होऊन परतल्या तेव्हा त्या अस्खलित कोरियन बोलत होत्या. त्या काळचे अनेक स्वयंसेवक कोरियन कुटुंबांत राहत, एकाच भांड्यातलं जेवत. आज सरकारी शाळांत इंग्रजी शिकवायला येणाऱ्या अमेरिकन तरुणांना बहुधा स्वतंत्र खोली मिळते. त्यात सोय आहे, पण मला त्यांची काळजी वाटते. दार लावून घेतलं की त्यांना इथल्या रीती शिकवायला कुणी उरत नाही. डोंगर चढायला जाणाऱ्या सहकाऱ्यांनी रविवारी बोलावलं तर त्यांनी नाही म्हणू नये.