लॉग गोळा करण्याआधी : सही असलेली रिपॉझिटरी आणि न पाहिलेली सही

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आयोजकांनी आजचा विषय ‘सर्व्हरवर फ्लुएंट बिट बसवणे आणि चालवणे’ असा जाहीर केला आहे आणि तो मी पूर्ण करणार आहे. फ्लुएंट बिट म्हणजे लॉग, म्हणजे यंत्रावरील घडामोडींच्या नोंदी, गोळा करून दुसरीकडे पाठवणारा प्रोग्रॅम. परंतु त्यापूर्वी रिपॉझिटरीची, म्हणजे प्रोग्रॅमची पॅकेजे जेथून उतरवतो त्या साठ्याची, डिजिटल सही पडताळणारी की यंत्रावर आणण्याच्या पायरीविषयी बोलल्याशिवाय मला राहवत नाही. लॉग गोळा करणारी सेवा यंत्रावरचे जवळजवळ सगळे लॉग वाचते, ते नेटवर्कवरून दुसरीकडे पाठवते आणि पॅकेजबरोबर येणाऱ्या युनिट फाइलमध्ये (सेवा कशी चालवायची हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) वेगळा वापरकर्ता नेमलेला नसल्यामुळे रूटच्या, म्हणजे यंत्रावरच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालते. उद्या घुसखोरी झालीच, तर तिचा पुरावा हिच्याच हातून आपल्यापर्यंत येणार. म्हणून सर्वांत कडक तपासणी हिची व्हायला हवी. प्रत्यक्षात मात्र ‘लॉगच तर गोळा करायचे आहेत’ असे म्हणून ती उरकली जाते.

एका कार्यालयाने मला लॉग उशिरा पोहोचतात म्हणून बोलावले होते. नाव सांगत नाही. कोणी हसले, तर ओळख पटली असे समजेन. उशिराचे कारण किरकोळ निघाले, पण रिपॉझिटरीच्या ओळीत चौकोनी कंसात ‘ट्रस्टेड=येस’ लिहिलेले दिसले. विचारल्यावर उत्तर मिळाले की, अपडेट करताना पब्लिक की सापडत नसल्याचा संदेश येत असे आणि हे लिहिल्यापासून तो येत नाही. खरेच होते ते. सही पडताळली नाही तरी चालेल, असेच ॲप्टला (डेबियनसारख्या लिनक्समध्ये पॅकेजे उतरवून बसवणाऱ्या साधनाला) सांगितल्यावर ते कशाला तक्रार करील? ती ओळ नव्या सर्व्हरच्या स्क्रिप्टमध्ये शिरली होती, त्यामुळे प्रत्येक यंत्र जन्मतःच विश्वासू होते. सुरक्षा-तपासणीच्या तक्त्यात ‘सही असलेली रिपॉझिटरी वापरता का?’ या प्रश्नापुढे ‘होय’ असे लिहिले होते आणि तेही खोटे नव्हते. रिपॉझिटरीवर सही होतीच, ती कोणी पाहत नव्हते एवढेच.

डेबियनच्या पद्धतीत प्रत्येक पॅकेजवर सहसा वेगळी सही नसते, हे येथे अनेकांना ठाऊक असेल. सही रिपॉझिटरीच्या ‘इनरिलीज’ फाइलवर असते, त्या फाइलमध्ये पॅकेजांच्या सूचीचे हॅश (मजकूर बदलला की बदलणारे ठसे) असतात आणि सूचीमध्ये प्रत्येक पॅकेजचा हॅश असतो. २००७ च्या डेबियन ४.० पासून ही साखळी आहे. आरपीएमच्या (रेड हॅट वगैरे लिनक्समधील पॅकेजपद्धतीच्या) जगात पॅकेजवरच सही करण्याचा प्रघात आहे; ॲप्टमध्ये पहिली कडी निसटली की पुढच्या हॅशना काही अर्थ उरत नाही.

की आणण्याची जुनी आज्ञा ‘ॲप्ट-की’ २०२० मध्ये कालबाह्य ठरवली गेली, तरी जुन्या लेखांतून ती अजून डोकावते. तिचा दोष असा की, सोसायटीत एका घरी येणाऱ्या कामगाराला दिलेल्या पासाने सगळ्याच घरांची दारे उघडावीत, तशी लॉगच्या पॅकेजसाठी आणलेली की यंत्रावरच्या प्रत्येक रिपॉझिटरीसाठी मान्य होत असे. आता की वेगळ्या कीरिंग फाइलमध्ये ठेवून ‘साइन्ड-बाय’ने तिला एकाच रिपॉझिटरीशी बांधता येते. ते करण्याआधी कीच्या फिंगरप्रिंटची, म्हणजे तिची ओळख पटवणाऱ्या खुणेची, चाळीसही अक्षरे जुळवून पाहावीत, तीही शक्यतो की जेथून उतरवली त्या सर्व्हरखेरीज दुसऱ्या ठिकाणाहून घेऊन. शेवटची आठ अक्षरे पुरेशी नाहीत. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या कीशी तेवढाच भाग जुळणाऱ्या बनावट की २०१६ मध्ये आढळल्या होत्या.

एचटीटीपीएस असताना सही कशाला, असे काही जण विचारतात. एचटीटीपीएस सर्व्हरची ओळख पटवते आणि वाटेत मजकूर बदलू देत नाही, एवढेच. त्याच सर्व्हरवर कोणी पॅकेज बदलले, तर ते बदललेले पॅकेज सुरक्षितपणे आपल्यापर्यंत पोहोचते. उलट बाजूही सांगितली पाहिजे : जानेवारी २०१९ मध्ये उघड झालेल्या ॲप्टमधील त्रुटीमुळे साध्या एचटीटीपीवर मधला माणूस खोटे हॅश पुढे करू शकत होता. म्हणजे दोन्ही हवेत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जाहीर केलेला विषय आता घाईनेच सांगतो. पॅकेज बसवल्यावर सेवा ‘सिस्टिमसीटीएल’ या आज्ञेने सुरू करावी आणि यंत्र पुन्हा चालू झाल्यावरही ती उठेल अशी सोय करावी. मूळ मांडणी सीपीयूची मोजमापे स्टँडर्ड आउटपुटवर टाकते आणि ती जर्नलमध्ये, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या लॉगसाठ्यात, जातात, म्हणजे लॉग गोळा करणाराच लॉग वाढवतो. ती लगेच बदलावी. लॉग फाइली वाचणाऱ्या ‘टेल’ इनपुटला ‘डीबी’ (वाचनाची जागा नोंदवणारी फाइल) द्यावा, नाहीतर पुन्हा सुरू झाल्यावर कोठवर वाचले होते हे त्याला आठवत नाही. पलीकडचा सर्व्हर बंद असण्याची शक्यता धरून बफर (पाठवायचे राहिलेले लॉग) डिस्कवर ठेवावा. रूट नको असेल, तर वेगळा वापरकर्ता नेमून त्याला ‘एडीएम’ आणि ‘सिस्टिमडी-जर्नल’ या लॉग वाचण्याची मुभा असलेल्या गटांत घालावे आणि बफर व ‘डीबी’च्या जागी लिहिण्याची परवानगी द्यावी. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग जपावे लागतात, पण ते दिवस फ्लुएंट बिट मोजत नाही. ते काम पलीकडच्या साठवणीचे असून तिच्यावरचे व्याख्यान आयोजकांनी कोणाला दिले आहे, हे त्यांनाच विचारावे.