पोटात नाही, खाली दुखतंय

(दृश्य: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला एक गाव, संध्याकाळ. कापणी झालेल्या शेतात मुलं फुटबॉल खेळताहेत.)

वाळपईजवळचं हे शेत. भात घरी गेलं की मुलं दोन्ही टोकांना बांबू रोवतात आणि पावसाळा येईपर्यंत हेच त्यांचं मैदान. माझा मावसभाऊ इथेच खेळत मोठा झाला. त्याने आपली गोष्ट सांगायचं कबूल केलं, पण चेहरा दाखवायचा नाही या अटीवर. म्हणून तुम्हाला फक्त त्याचे हात दिसतील.

तो १४ वर्षांचा होता. एका रात्री दोनच्या सुमाराला कळ आली आणि तो झोपेतून उठून बसला. दुखत होतं डाव्या वृषणात. आई जागी झाली, काय होतंय म्हणून विचारू लागली. तो म्हणाला, ‘पोटात दुखता.’ आईने ओवा दिला, बेंबीभोवती हिंग लावला. पहाटे दोनदा उलटी झाली, तेव्हा पोटच बिघडलंय याबद्दल घरात कुणाला शंका उरली नाही. दुपारी पाऊल टाकवेना, तेव्हा कुठे त्याने वडिलांना खरं सांगितलं. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पोचेपर्यंत १४ तास उलटले होते. वृषण काळं पडलं होतं. ते काढावं लागलं.

हे का होतं, ते नीट समजून घेऊ.

प्रत्येक वृषण एका दोरीला टांगलेलं असतं. रक्त नेणारी धमनी, रक्त परत आणणाऱ्या शिरा, मज्जातंतू आणि शुक्रजंतू वाहून नेणारी नळी, असं सगळं या दोरीत एकत्र असतं. बहुतेकांचं वृषण मागच्या बाजूने अंडकोशाला धरून असतं. काही मुलांत ही पकड जन्मतःच नसते. मग ते देवळातल्या घंटेच्या लोलकासारखं मोकळं हलतं. डॉक्टरही या ठेवणीला घंटेच्या लोलकाचंच नाव देतात. असं वृषण स्वतःभोवती फिरलं की दोरीला पीळ बसतो. आधी शिरा बंद होतात, मग धमनी. वयात येणाऱ्या मुलांत, साधारण १२ ते १८ वर्षांत, हे जास्त दिसतं, आणि पुष्कळदा झोपेतच घडतं. पहिल्या ६ तासांत शस्त्रक्रिया करून पीळ सोडवला तर वृषण बहुतेक वेळा वाचतं. २४ तासांनंतर क्वचितच.

वाळपईहून बांबोळी तास-सव्वा तासाच्या अंतरावर आहे. रस्ता होता, गाडी होती, डॉक्टर होते. १४ तासांपैकी १२ एका मुलाच्या संकोचात गेले, आणि तो संकोच त्याला आम्हीच शिकवला होता. शरीराच्या या भागासाठी आमच्या घरात एकही साधा शब्द नव्हता. होती ती फक्त शिवी.

(दृश्य: कुळागर, म्हणजे पोफळींची बाग. पोफळीला वेढून वर गेलेली मिरवेल, खालून वाहणारा पाट.)

इतका नाजूक अवयव शरीराने बाहेर का टांगून ठेवला असेल? कारण शुक्रजंतू तयार व्हायला शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागतं. थंडीत अंडकोश आखडतो, उन्हाळ्यात सैल पडतो, तो त्यासाठीच. दोरीच्या आतही एक सुरेख सोय आहे. मिरवेल पोफळीला वेढते तशा बारीक शिरा धमनीला वेढून असतात. खाली जाणारं गरम रक्त आपली ऊब वर येणाऱ्या थंड रक्ताला देतं आणि निवून वृषणात पोचतं. मला तर पाटाच्या पाण्याने गार राहणारं कुळागरच आठवतं.

याच शिरा फुगल्या तर त्याला व्हेरिकोसील म्हणतात. १०० पुरुषांत सुमारे १५ जणांना ते असतं, आणि बहुतेक वेळा डाव्या बाजूला, कारण डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते. पुष्कळांना त्याचा काही त्रास होत नाही. काहींचे शुक्रजंतू मात्र त्यामुळे कमी होतात.

वृषणाच्या आत केसासारख्या नलिकांची वेटोळी असतात. एक शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. मग तो वृषणाच्या पाठीला चिकटलेल्या, उलगडली तर सुमारे ६ मीटर भरेल अशा नळीतून पुढे सरकतो आणि त्या वाटेवर पोहायला शिकतो. म्हणजे गणेश चवथीत सडकून ताप आला, तर त्याचा परिणाम दिवाळीच्या सुमाराला केलेल्या वीर्यतपासणीतही दिसू शकतो. औषध सुरू केलं किंवा तंबाखू सोडली, तरी फरक दिसायला तीन महिने द्यावे लागतात.

टेस्टोस्टेरॉनही वृषणातच तयार होतं, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या हुकमाने. जिममध्ये दंड फुगवण्यासाठी जे इंजेक्शन मिळतं, ते घेतलं की मेंदूला वाटतं, शरीरात पुरेसं आहे. तो हुकूम थांबवतो. दंड वाढतात, वृषणं आक्रसतात, शुक्रजंतू तयार होणं जवळपास बंद पडतं. इंजेक्शन सोडल्यावरही सगळं पूर्ववत व्हायला कित्येक महिने जातात. म्हापशाच्या, फोंड्याच्या जिममधल्या मुलांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं.

(दृश्य: देवळाचं प्रांगण. नारळ आणि ओटी घेऊन उभ्या बायका.)

लग्नाला दोन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही की नवस बाई बोलते, उपास बाई धरते, सोनोग्राफीच्या रांगेतही बाईच असते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. आणि पुरुषाची पहिली तपासणी किती सोपी! दोन ते सात दिवस संयम पाळून वीर्याचा नमुना द्यायचा, ना सुई, ना भूल. ही तपासणी वर्षानुवर्षं टाळली जाते आणि बाईला मात्र बोल लावले जातात, याचा मला राग येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू हा खालचा आकडा दिला आहे. तो पास-नापासाचा नाही. वर्षभराच्या आत ज्यांच्या घरी गर्भधारणा झाली, अशा पुरुषांतही १०० पैकी ५ जण या आकड्याच्या खाली होते.

आणि ‘धातू जाते’ म्हणून खंगणारी मुलं? वीर्यातला मोठा भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव असतो. तो रक्त आटवून तयार होत नाही, आणि बाहेर गेला म्हणून शक्ती जात नाही. भिंतीवरच्या जाहिरातींना पैसे देण्याआधी हे ऐका.

बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईला काही वेळा सगळ्यांच्या आधी कळतं की एका बाजूची गोळी हाताला लागत नाही. पूर्ण दिवसांच्या १०० मुलांमध्ये ३ जणांत असं असतं, आणि बहुतेकांची पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरते. सहा महिन्यांनंतरही उतरली नाही तर सर्जनला दाखवावं. शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत झालेली बरी, कारण वर अडकलेल्या वृषणात पुढे कर्करोगाचा धोकाही वाढतो. हा कर्करोग तरुणांना होतो आणि बहुधा न दुखणाऱ्या गाठीने सुरू होतो. वेळेवर सापडला तर जवळजवळ नेहमी बरा होतो. दुखत नाही, म्हणून माणूस थांबतो.

(दृश्य: जत्रेतलं रात्रीचं नाटक. कडेच्या खुर्चीवर बसलेले आजोबा.)

नाटकाला कडेची खुर्ची धरणारे हे आजोबा तुमच्याही गावात असतील. दर तासाला लघवीला उठायचं असतं. प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली मूत्रमार्गाला वेढून असते, तरुणपणी अक्रोडाएवढी. पन्नाशीनंतर ती वाढते आणि मार्ग चेपते. धार बारीक होते, थांबून थांबून होते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. गोळ्यांनी आराम पडतो, नाहीतर मूत्रमार्गातूनच शस्त्रक्रिया होते. पण प्रोस्टेटचा कर्करोग सुरुवातीला काहीच खुणा दाखवत नाही, म्हणून वयाची गोष्ट म्हणून सोडून न देता एकदा तपासून घ्यावं. लघवीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी.

(दृश्य: पुन्हा ते शेत. शिट्टी धरलेला हात.)

मावसभाऊ आज दोन मुलींचा बाप आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचं दुसरं वृषण टाके घालून जागेवर पक्कं केलं होतं. एक निरोगी वृषण पुरतं. आता तो या मुलांना शिकवतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांना शेताच्या मेरेवर बसवून आपली गोष्ट सांगतो, शब्द न चोरता.

गेल्या वर्षी रात्री साडेदहाला त्याला एका मुलाचा फोन आला. ‘सर, पोटात नाही, खाली दुखतंय. दहा वाजल्यापासून.’ बारा वाजायच्या आत ते बांबोळीला होते. पीळ सोडवला आणि काळपटलेल्या वृषणाला हळूहळू गुलाबी रंग आला.