तो कॅन उचल

श्रोते हो, नमस्कार.

डोळ्यांसमोर एक रेल्वे स्टेशन आणा. गाडी थांबली आहे, माणसं मान खाली घालून उतरताहेत. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावरून दाढीवाला एक गृहस्थ गोड आवाजात सगळ्यांचं स्वागत करतोय. तुमच्या वाटेत मुखवटा घातलेला एक पोलीस उभा आहे. तो शीतपेयाचा रिकामा कॅन मुद्दाम खाली पाडतो आणि हुकूम सोडतो, ‘तो कॅन उचल. कचऱ्याच्या डब्यात टाक.’

हा ‘हाफ-लाइफ २’ या व्हिडिओ गेमचा आरंभ. अमेरिकेतल्या वॉल्व्ह कंपनीने तो नोव्हेंबर २००४ मध्ये बाजारात आणला. बाहेरून आलेल्या एका सत्तेनं पृथ्वी जिंकली आहे, माणूस हरला आहे. पण हे कोणी तुम्हाला बसवून समजावत नाही. एका कॅनसाठी तुम्हाला वाकावं लागतं, आणि सगळं कळतं. राग येतो. तो कॅन कचऱ्यात टाकायचा की त्या पोलिसाच्या तोंडावर फेकायचा, हे तुमच्या हातात असतं. फेकलात तर तो दंडुका घेऊन मागे लागतो. आणि या भानगडीत वस्तू उचलायची कशी, टाकायची कशी, हे बोटं शिकून मोकळी होतात.

विज्ञानकथेवरचा मारधाडीचा खेळ खेळण्याजोगा कशामुळे होतो, असं मला कोणी विचारलं तर मी हा कॅन पुढे करतो. अंतराळयानं, परग्रहवासी, चकाकणारी शस्त्रं कोणत्याही खेळात सापडतील. पण लेसरची बंदूक साध्या बंदुकीसारखीच चालत असेल आणि फक्त गोळीचा रंग निळा असेल, तर ते नुसतं रंगकाम झालं. कल्पनेतलं विज्ञान हा खेळाचा नियम व्हायला हवा. आणि तो नियम वाचून नव्हे, हातानं कळायला हवा.

याच खेळात पुढे ग्रॅव्हिटी गन मिळते. एक बटण दाबलं की समोरची वस्तू खेचून हवेत धरते, दुसरं दाबलं की जोरात भिरकावते. ती चालवायचा सराव कसा होतो? एका शास्त्रज्ञाने आपल्या लेकीच्या राखणीसाठी बनवलेला अवाढव्य यंत्रमानव आहे, त्याचं नाव डॉग. त्याच्याबरोबर चेंडू झेलायचा आणि परत फेकायचा. दोन-तीन मिनिटांचा हा खेळ, पण किती मायेचा! आणि लगेच तुम्ही रेव्हनहोम नावाच्या ओसाड गावात जाऊन पडता. रात्र, काळोख, चालती प्रेतं, आणि गोळ्या मोजक्या. कोपऱ्यात लाकूड कापायची गोल पाती पडलेली असतात. पातं खेचायचं, सोडायचं. ते आरपार जाऊन भिंतीत रुततं. तिथून पुन्हा ओढून घ्यायचं, पुन्हा सोडायचं. पाच मिनिटांपूर्वी जिनं चेंडू झेलला, तीच ही बंदूक. शस्त्र बदललेलं नाही, तुमची नजर बदलली आहे. आता खोलीत शिरलात की आधी दिसतं ते सिलिंडर, ते पिंप. भीती अशी डोक्यात शिरते आणि डोकं चालूही लागतं. मला याहून सुंदर रचना दुसऱ्या कुठल्या खेळात दिसलेली नाही.

पहिला ‘हाफ-लाइफ’ १९९८ चा. त्यात तुम्ही गॉर्डन फ्रीमन नावाचे भौतिकशास्त्रज्ञ असता. नमुना ठेवलेली गाडी यंत्राच्या किरणांत ढकलायची, एवढंच काम. ढकलता, आणि जगावर संकट कोसळतं. ती गाडी तुम्ही स्वतः ढकललेली असते, हे पुढे तासन्‌तास मनातून जात नाही. जाता जाता सांगतो, आपल्याकडच्या सायबर कॅफेंत ज्या ‘काउंटर-स्ट्राइक’वर एक पिढी जागली, तो खेळ याच ‘हाफ-लाइफ’मध्ये फेरफार करून दोन हौशी तरुणांनी उभा केला होता.

तुम्ही रेडिओ ऐकणारी माणसं, म्हणून आवाजाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. २००८ च्या ‘डेड स्पेस’मध्ये नायक आयझॅक क्लार्क सैनिक नाही, इंजिनिअर आहे. त्याचं हत्यार म्हणजे खाणीत वापरायचं कापणीयंत्र. तो निर्वात पोकळीत पाऊल टाकतो तेव्हा सारे आवाज दबून जातात, जवळ उरतो तो त्याचा श्वास. पोकळीत ध्वनी पोचत नाही, हे शाळेत आपण पाठ केलं होतं. इथे मागून येणारा प्राणी ऐकू येत नाही आणि ते पाठांतर अंगावर येतं.

त्याच्याही कितीतरी आधी, १९७८ साली, जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इनव्हेडर्स’ केला. पडद्यावर ५५ परग्रहवासी. त्या काळच्या प्रोसेसरला इतकी चित्रं भराभर हलवणं झेपत नव्हतं. एकेक शत्रू पडत गेला की त्याचा भार हलका होई, आणि उरलेले वेगानं सरकत. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं. सोबत चार सुरांचा ठेकाही वाढत जातो. जिंकत आलात की छातीची धडधड वाढते, ती यामुळे.

पालकांना एक सांगायला हवं. ‘हाफ-लाइफ’ आणि ‘डेड स्पेस’ मोठ्यांसाठी आहेत. त्यांत रक्तपात आहे, लहान मुलांच्या हाती ते देऊ नका.

माझी भाची इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात ती ‘हाफ-लाइफ २’ खेळायला बसली. कालव्याच्या भागात एक लांब फळी लागते, मधोमध टेकू, जवळ सिमेंटचे ठोकळे. तिनं ठोकळे एका बाजूला रचले आणि दुसऱ्या टोकावरून चढायला गेली. फळी खाली बसली. मी शेजारून म्हणालो, ‘अगं, अजून ठोकळे आण.’ ती पडद्याकडे बघत गप्प बसली. मग एकेक ठोकळा उचलून तिनं टेकूपासून दूर, अगदी कडेला सरकवला.

‘थांब मामा,’ ती म्हणाली, ‘एवढ्यातच होईल.’